क्वीनचे १९७१ चे डेमो आधी ऐकायचे का अल्बम आधी?

यवतेश्वर :
परवा रात्री साताऱ्यात पाऊस बेक्कार, लाईट गेलेली, इन्व्हर्टरनं पण मान टाकली, झोप येईना म्हणून हेडफोन लावून क्वीन ह्या इंग्लिश रॉक बँडचे १९७१ चे डेमो, म्हणजे अल्बमच्या आधी नमुन्याला केलेली कच्ची रेकॉर्डिंग, ऐकत पडलो. पाचच गाणी आहेत. एकदा झाली, परत लावली, परत लावली, पहाटे कधीतरी ठरवलं की हे कुठंतरी बोलायलाच पाहिजे. माझं म्हणणं सरळ आहे, ज्याला क्वीन ऐकायला सुरुवात करायचीय त्यानं आधी हे डेमो ऐकावेत आणि मग पहिला अल्बम. उलटं नाही.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. १९७१ ला ह्यांना कुणी विचारत नव्हतं, जॉन डीकन बेसवर त्याच वर्षी आलेला. लंडनला वेम्बलीत डी लेन ली स्टुडिओची नवीन जागा होत होती आणि तिथल्या लोकांना मोठ्यानं वाजवणारा एक बँड पाहिजे होता, कशाला तर एका खोलीतला आवाज दुसऱ्या खोलीत जातोय का ते तपासायला. बदल्यात ह्यांची गाणी फुकट रेकॉर्ड करून मिळणार. म्हणजे परीक्षा चालली होती भिंतींची आणि त्यात ही पाच गाणी होऊन गेली, कीप युवरसेल्फ अलाइव्ह, द नाईट कम्स डाऊन, ग्रेट किंग रॅट, जिझस आणि लायर. ती टेप घेऊन रेकॉर्ड कंपन्यांचे उंबरे झिजवले, बहुतेकांनी नाही म्हणलं. अल्बम आला थेट १३ जुलै १९७३ ला.

आता कीप युवरसेल्फ अलाइव्ह घ्या. अल्बमवर सुरुवातीची गिटार फेजिंग केलेली, म्हणजे आवाज फिरवल्यासारखी, गरगरत येते, छानच आहे, मी नाही म्हणत नाही. पण डेमोत तिथं साधी अकूस्टिक गिटार आहे, कुणीतरी समोर बसून तारेवर हात टाकलाय एवढी जवळ. मग ड्रम येतात ते मोकळे, हवा लागलेले. अल्बमचे ड्रम ट्रायडंट स्टुडिओतले, कोंदट, आणि ही तक्रार माझी नाही, बँडचीच आहे. तिथं दुसऱ्या कलाकारांचं काम आटपल्यावर उरलेल्या वेळात, रात्री-अपरात्री ह्यांना रेकॉर्डिंग करायला मिळायचं. त्यांचा गिटारवाला ब्रायन मे तर इतकी वर्षं सांगत आलाय की ह्या गाण्याच्या डेमोत जे होतं ते नंतर परत धरता आलं नाही.

आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे द नाईट कम्स डाऊन. हे गाणं त्यांनी ट्रायडंटला परत करून बघितलं, जमलं नाही, शेवटी डी लेन लीचीच टेप अल्बमवर घेतली. म्हणजे ज्याला आपण कच्चं म्हणतोय तेच पक्क्या अल्बमवर जाऊन बसलंय!

अजून एक. ह्यांचा गायक फ्रेडी मर्क्युरी आपल्या जिल्ह्यात शिकलाय हो. पाचगणीला, सेंट पीटर्समधे, आठ वर्षांचा असताना झांझिबारवरनं पाठवलेला. मी नव्वदच्या दशकात राजवाड्याजवळ एका दुकानातनं क्वीनची कॅसेट भरून घेतलेली, साठ मिनिटांची, बी साईडचं शेवटचं गाणं अर्ध्यात तुटायचं, तेव्हा मला हे माहीत पण नव्हतं. कळलं तेव्हा पसरणी घाट चढताना अंगावर काटा आला होता.

डबल_पेडल :
भावा शंभर टक्के!! मी कराडला इंजिनिअरिंगला आहे, ड्रम वाजवतो, आमच्या रूमवर ते डेमो रोज लागतात. अल्बम ऐकला की वाटायचं आपल्याला हे जन्मात जमणार नाही, डेमो ऐकल्यावर पहिल्यांदा वाटलं की माणसंच आहेत ही, चौघं, आपल्यासारखी, एका खोलीत.

साउंडवाला सांगली :
यवतेश्वर भाऊ, मनापासून लिहिलंय तुम्ही, पण मला नाही पटलं. मी विश्रामबागला छोटा स्टुडिओ चालवतो, अभंग, भजनी मंडळं, लग्नाची गाणी, निवडणुकीची गाणी, पडेल ते काम करतो, वीस वर्षं झाली. ह्या वीस वर्षांत मी एक शिकलोय, कच्चा टेक, म्हणजे पक्कं व्हायच्या आधीचं रेकॉर्डिंग, ही कलाकाराची आणि आमची आपसातली गोष्ट आहे.

आणि तुम्ही उदाहरण घेतलंय ते कुणाचं? क्वीनचं! दुसरा कुठला बँड घेतला असता तर मी गप्प बसलो असतो. ह्यांचं सगळं मोठेपणच एकावर एक थर चढवण्यात आहे. बोहेमियन ऱ्हॅप्सडीला आवाजावर आवाज इतक्यांदा चढवले की टेप झिजून तिच्यातनं पलीकडचं दिसायला लागलं असं ब्रायन मेनंच सांगितलंय. १९७५ ची गोष्ट, कॉम्प्युटर नाही काही नाही, चुकलं तर परत. ज्या माणसांनी एका गाण्यासाठी टेप झिजवली त्यांची ओळख करून घ्यायची ती भिंती तपासताना झालेल्या रेकॉर्डिंगवरनं? हे म्हणजे जोतं बघून वाड्याचं कौतुक करण्यासारखं झालं.

दुसरं जरा मनाला लागलेलं आहे म्हणून सांगतो. काही वर्षांमागं एक कॉलेजची मुलगी माझ्याकडं अभंग गायला आली. पहिल्या दिवशी सर्दी, अंतऱ्यात एका जागी सूर उतरला, म्हणलं असू दे, आज नुसतं मापाला घेऊ, फायनल पुढच्या आठवड्यात. तो टेक मी ऐकायला म्हणून तिच्या ओळखीतल्या एकाला पाठवला, त्यानं कौतुकानं ग्रुपवर टाकला आणि दोन दिवसांत गावभर झाला. पुढच्या आठवड्यात पोरगी काय गायली म्हणून सांगू! पण लोक म्हणले ऐकलंय की आम्ही. त्या उतरलेल्या सुरासकट ऐकलेलं होतं. परत माइकसमोर उभी राहायला तिला दीड वर्ष लागलं. पाठवणारा मी होतो, ती चूक माझी आहे, आणि तेव्हापासून माझ्या स्टुडिओतनं कच्चं काही बाहेर जात नाही. फ्रेडी १९९१ ला गेला. त्याला कोण विचारणार होतं हे बाहेर काढू का म्हणून?

यवतेश्वर :
दादा, त्या मुलीचं वाचून खरंच वाईट वाटलं. पण तिचा टेक तिला न विचारता गेला, आणि क्वीनचे डेमो २०११ ला ब्रायन आणि ड्रमवाला रॉजर टेलर ह्यांनी स्वतः, पहिल्या अल्बमच्या नवीन आवृत्तीसोबत काढले. दोघंही त्या खोलीत वाजवायला होते. शिवाय ही टेप १९७१ लाच कंपन्यांना ऐकवायला केलेली होती, परक्या माणसांनी ऐकावी म्हणूनच केलेली. मग ती आपसातली गोष्ट कशी?

साउंडवाला सांगली :
काम मिळावं म्हणून ऐकवणं वेगळं आणि लोकांसाठी काढणं वेगळं. मी पण गिऱ्हाइकाला नमुना ऐकवतो, तो नमुना माझं काम म्हणून कुणी मिरवत नाही. दोघांनी परवानगी दिली हे खरं, तिसऱ्याची कुठाय? गाणारा तर तो होता.

मिरजेची :
मी रॉक फार ऐकत नाही पण हा विषय आमच्या घरातला आहे म्हणून लिहिते. आमच्याकडं चार पिढ्या तंबोरे होतात. भोपळा पंढरपूर-मंगळवेढ्याकडनं येतो, वाळवायचा, कापायचा, दांडी जोडायची, पॉलिश, खुंट्या, तारा. एवढं सगळं झालं, तार छेडली, तर आवाज येतो, नाही असं नाही. पण तो ठक्क असा येतो आणि मरतो. मग वडील घोडीचं, म्हणजे ज्या पट्टीवरनं तारा जातात तिचं, काम करायला बसतात. कानशीनं एक हात फिरवायचा, तार परत चढवायची, कान लावायचा, परत उतरवायची, परत एक हात. घोडीच्या पाठीला असा बाक यायला पाहिजे की तार तिला पुढपर्यंत नुसती चाटत जाईल. मग तारेखाली सुताचा दोरा सरकवायचा, केसभर पुढं, केसभर मागं, आणि एका जागी तो आवाज एकदम उघडतो, म्हणजे तीच तार, तोच भोपळा, पण आता त्यातनं दहा आवाज निघायला लागतात. जवारी लागली म्हणायचं त्याला.

जवारी न लागलेला तंबोरा आम्ही गवयाच्या हातात देत नाही. कधीच नाही. कुणी दुकानात येऊन नुसती उत्सुकता म्हणून तार छेडायला लागला तर वडील हात धरतात, म्हणतात थांबा, हा अजून बोलायला शिकला नाही. त्यामुळं मी साउंडवाल्या दादांच्या बाजूची आहे. आत्ता २०२४ ला मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं ते ह्या शेवटच्या हातामुळं, नुसत्या भोपळ्यामुळं नाही.

यवतेश्वर :
ताई काय लिहिलंय, दोनदा वाचलं. पण मला एक सांगा, तुम्हाला जवारी कळते ती कशामुळं? लहानपणापासून तुम्ही तो ठक्क आवाज पण ऐकलाय म्हणून. माझ्यासारख्यानं आयुष्यभर मैफिलीत जवारी लागलेलाच तंबोरा ऐकला, मला तो पंख्याच्या आवाजासारखा मागं असतो एवढंच कळतं. तुमच्या वडिलांनी मला एकदा आधीचा आणि नंतरचा असा ऐकवला तर माझे कान उघडतील. डेमो आधी ऐका म्हणतोय ते ह्याच्यासाठीच.

मिरजेची :
ऐकवतील की, या मिरजेला. पण ते शिकायला येणाऱ्याला ऐकवतात, ऐकायला येणाऱ्याला नाही. तुम्ही सुरुवात डेमोपासनं करा म्हणताय, माझं म्हणणं आधी पक्कं ऐका, त्याच्यावर जीव बसू दे, मग मागं जा. ज्याला क्वीन कोण हेच माहीत नाही त्याला कच्चं ऐकवलं तर त्याला कशातनं काय झालं हे कळणार कसं?

डबल_पेडल :
ताई हे बरोबर वाटायला लागलंय मला 😐 कारण मी पण अल्बम आधीच ऐकलेला.

वाईकर :
सगळं वाचून काढलं. मी पासष्टीचा, नोकरी पाचगणीत झाली, राहतो वाईत. फ्रेडीबद्दल एक गोष्ट तुम्ही कुणीच काढली नाही. शाळेत असताना, १९५८ च्या आसपास, पोरांनी एक बँड केलेला, द हेक्टिक्स नावाचा, पाच जणं. फ्रेडी त्यात मुख्य गायक नव्हता, पियानो वाजवायचा. शाळेच्या कार्यक्रमात रॉक अँड रोलची गाणी वाजवायची पोरं. त्या बँडचं एकही रेकॉर्डिंग आजवर समोर आलेलं नाही.

आता साउंडवाल्यांना माझा प्रश्न आहे. समजा उद्या पाचगणीतल्या एखाद्या जुन्या बंगल्याच्या माळ्यावर टेपचं स्पूल निघालं, बुरशी लागलेलं, खरखर नुसती, मधे पोरांचा गोंगाट, आणि त्यात तो बारा-तेरा वर्षांचा पोरगा पियानो बडवतोय. तुम्ही काय कराल? ठेवून द्याल परत माळ्यावर?

मी माझं सांगतो, मी ते ऐकताना रडेन. गाणं चांगलं असेल म्हणून नाही. हिवाळ्यात पाचगणीला पाच वाजता जे धुकं उतरतं, बोर्डिंगच्या पोरांना घरची आठवण यायची वेळ ती, मी वर्षानुवर्षं बघितलीय. आईबाप समुद्रापलीकडं आणि हा आठ वर्षांचा. ती पोरं त्या वेळेला काय करायची, कशात मन रमवायची, त्याचं उत्तर त्या टेपमधे असलं असतं.

साउंडवाला सांगली :
काका, तुम्ही अवघड जागी आणून उभं केलंत. खोटं बोलत नाही, मी ऐकेन. रात्रीत बसून साफ पण करेन. पण बाजारात आणू नका म्हणेन. संग्रहालयात ठेवा, पाचगणीतच ठेवा, जो घाट चढून येईल त्यानं कानाला लावून ऐकावं. घरबसल्या भांडी घासता घासता ऐकायची वस्तू नाही ती.

वाईकर :
का नाही? भांडी घासणाऱ्या बाईला रडू येत नाही का? ज्याला घाट चढायला जमत नाही, गुडघे गेलेत, परदेशात राहतो, त्यानं काय पाप केलंय? कुमार गंधर्वांच्या, भीमसेनजींच्या घरगुती मैफिलींच्या टेपा आमच्या पिढीनं एकमेकांकडनं मागून आणून कॉपी केल्या. कुणी खोकतंय, मधेच चहाचे कप वाजतायत, टेप संपून तान तुटतीय. त्यातली एकेक तान एलपीवर सापडायची नाही. एलपीला वेळेचं बंधन, घरात बुवा मोकळे. ते सगळं माळ्यावर ठेवलं असतं तर मला गाणं कळलंच नसतं.

साउंडवाला सांगली :
मैफल ही पूर्ण वस्तू आहे काका, तिचं रेकॉर्डिंग खराब असलं तरी. बुवा तिथं समोरच्या माणसांसाठीच गात होते, त्यांचं काम तिथं पुरं झालेलं. डेमोत काम पुरं व्हायचंय. हा फरक सोडू नका, माझं सगळं भांडण तेवढ्या फरकाचं आहे.

यवतेश्वर :
पुरं झालं हे ठरवायचं कुणी पण? नाईट कम्स डाऊनचं काम १९७१ ला पुरं झालं का १९७३ ला? टेप तर तीच.

साउंडवाला सांगली :
मिक्स नव्यानं केलेला असतो, भाऊ. टेप तीच असली तरी कुठला आवाज पुढं, कुठला मागं, हे नंतर ठरलं. ह्या कामाला माणसं कामच समजत नाहीत, हे माझं वीस वर्षांचं दुखणं आहे. आणि पुरं कधी झालं म्हणाल तर मी सांगतो, २०२४ ला. ऑक्टोबरमधे त्यांनी पहिला अल्बम नव्यानं मिक्स करून काढला, क्वीन वन नावानं. वाजवलेलं तेव्हाचंच, पण ड्रमना जो खोलीचा आवाज तेव्हा मिळाला नव्हता तो दिला, मॅड द स्वाइन हे तेव्हा गाळलेलं गाणं परत जागेवर घातलं. पन्नास वर्षं ती सल घेऊन जगली ती माणसं आणि म्हातारपणी येऊन दुरुस्त केली. कामाची एवढी आच असलेल्या माणसांचं आपण शेवटचं म्हणणं ऐकायचं का पहिलं?

वाईकर :
मला ते नवीन मिक्स ऐकवत नाही. १९७३ च्या पोरांना २०२४ चे कपडे घातल्यासारखं वाटतं. कोंदट तर कोंदट, ते त्या वर्षाचं आहे.

डबल_पेडल :
काका नाही हां, ड्रम ऐकून बघा एकदा चांगल्या हेडफोनवर, रॉजरचा टॉम ह्या ड्रमवरचा हात पहिल्यांदा नीट कळतो. मी ड्रमवाला म्हणून सांगतोय, मला त्या मिक्समुळं दोन रोल उमगले जे आधी नुसते गडगड ऐकू यायचे. आणि त्या नवीन अल्बमच्या बॉक्स सेटमधे डेमो पण आहेत ना, ते पण नव्यानं मिक्स केलेले! म्हणजे त्यांना लाज वाटत नाहीये डेमोची, दोन्ही शेजारी शेजारी ठेवलंय.

आणि एक, २०२३ ला फ्रेडीच्या वस्तूंचा लिलाव झाला लंडनला, त्यात बोहेमियन ऱ्हॅप्सडीच्या हस्तलिखितात आधी त्यानं मंगोलियन ऱ्हॅप्सडी लिहिलेलं आणि खोडलेलं दिसलं. मला ते बघून इतकं बरं वाटलं ना. माझी वही पण खोडलेलीच असते सगळी. एवढा मोठा माणूस पण आधी चुकीचा शब्द लिहितो, मग खोडतो, मग पुढं जातो. आमचा बँड मागच्या वर्षी मोडला, का तर फोनवर रेकॉर्ड केलेलं आमचंच गाणं ऐकून आमच्या गिटारवाल्याला वाटलं आपण भिकार आहोत आणि त्यानं यायचंच सोडलं. त्याला मी हे डेमो तेव्हाच ऐकवायला पाहिजे होते. लायर ऐकवायचं होतं.

साउंडवाला सांगली :
हे मात्र मानलं. शिकणाऱ्या पोरांनी जरूर ऐकावं. तुझ्या त्या मित्राला घेऊन ये सांगलीला, फोनवर रेकॉर्ड करू नका, फोनमधे ड्रम आणि गिटार एकमेकांचा गळा धरतात, चांगलं वाजवलं तरी भिकारच ऐकू येतं. एक दिवस देतो तुम्हाला, पैसे नकोत.

यवतेश्वर :
दादा, हे तर डी लेन लीसारखंच झालं.

मिरजेची :
दोन दिवस लिहिलं नाही कारण ऐकत होते. यवतेश्वर दादांच्या सांगण्यावरनं आधी डेमो ऐकले, मग १९७३ चा अल्बम, मग पुढचे. मत बदललं नाही, मला अल्बमच आवडला. पण एक सापडलं ते सांगायलाच आले.

१९७४ च्या दुसऱ्या अल्बमवर व्हाइट क्वीन म्हणून गाणं आहे. त्यात मधे गिटार लागली आणि मी ताटावरनं उठले. ती गिटार नव्हती बोलत, ती जवारी होती. वडील आतल्या खोलीत होते, त्यांना हाक मारून ऐकवलं, काय चाललंय काही सांगितलं नाही. त्यांनी डोळे मिटून ऐकलं आणि म्हणले, घोडीत काहीतरी केलंय ह्यानं, तार कशाला तरी लागतीय. मग शोधलं तर खरंच निघालं, ब्रायन मेकडं तरुणपणापासनं एक स्वस्तातली अकूस्टिक गिटार होती, तिच्या घोडीपाशी त्यानं स्वतः फेरफार करून सतारीसारखा झणझणाट आणलेला. १९७८ च्या जेलसी गाण्यात पण तीच आहे. मग परत मागं जाऊन डेमोतलं द नाईट कम्स डाऊन लावलं, तर माझ्या कानाला तिथं पण तोच झणझणाट लागला. कच्च्या टेपमधे जवारी आधीच लागलेली होती! त्याला मिरज माहीत नसेल, दोरा माहीत नसेल, पण आवाज कुठं उघडतो ते त्याचं त्यानं शोधलं.

वडील आता एक जुनी गिटार मागवतायत. म्हणतायत बघू तिची घोडी घासून.

साउंडवाला सांगली :
ताई, ती झाली की आणा इकडं. मी गुरुवारी मोकळा असतो. एकच माइक लावू, जवळ, तारेपासनं वीतभर.

वाईकर :
मी वाईहून येतो. एसटी आहे.

यवतेश्वर :
मला गुरुवारी यायला जमणार नाही, ड्युटी आहे. दादा, पहिला टेक झाला की लगेच पाठवा, कसा का असेना.

साउंडवाला सांगली :
पहिला नाही मिळणार. वडिलांनी जवारी लागली म्हणलं की मग पाठवतो.